रक्तातला गोंगाट

माझी धाकटी बहीण एका वैद्यकीय संशोधन संस्थेत संख्याशास्त्रज्ञ आहे. ती काय करते असं कुणी विचारलं की मी सांगतो, "वेगवेगळ्या मापांत आलेले आकडे एका मापात आणते." ऐकणारा मान हलवतो आणि विषय बदलतो. पुष्कळांचा समज आहे की ती वजनमापांच्या खात्यात आहे. एक शेजारी तर दूधवाल्याची तक्रार घेऊन तिच्याकडे आला होता. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यालाच विचारलं, "तुम्ही दूध रोज एकाच भांड्याने मोजता का?" तो पुन्हा आला नाही.

घरात आम्ही तिला जज्जबाई म्हणतो. हे नाव मीच ठेवलं, आणि रागाने ठेवलं. लहानपणी वडील दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने आमच्या उंचीच्या खुणा करायचे. मी मोठा, तेव्हा उंच असणारच. हिची तक्रार माझ्या उंचीबद्दल नव्हती, केसांबद्दल होती. माझे केस तेव्हा ब्रशासारखे उभे राहायचे. ही स्टुलावर चढून माझ्या टाळूवर फूटपट्टी अशी दाबायची की डोळ्यांत पाणी यायचं, आणि वडिलांना म्हणायची, "आता करा खूण. केस म्हणजे दादा नव्हे." मग चपला काढायला लावायची, टाचा टेकवायला लावायची. वडील पोट धरून हसायचे. मला मुळीच हसू यायचं नाही.

शिकून ती आधी परीक्षा मंडळात लागली. एकाच परीक्षेचा एक पेपर सकाळी व्हायचा, दुसरा दुपारी. एक अवघड निघायचा, एक सोपा. दोन्हीकडच्या मुलांचे गुण एका मापात आणायचं काम हिच्याकडे होतं. निकाल लागला की पालक कचेरीच्या खिडकीशी येऊन हिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, म्हणजे त्यात मीही आलोच. ही घरी येऊन जेवता जेवता म्हणायची, "ज्याचे गुण वाढतात तो कधी भांडायला येत नाही, बघ." काही वर्षं हे सोसून ती संशोधन संस्थेत गेली. पेशी भांडायला येत नाहीत, असं तिचं कारण होतं. पेशींचं मला माहीत नाही, पण पेशींचे मालक येतात. मीच गेलो.

तिने लग्न केलं नाही. कुणी फार खोदून विचारलं तर म्हणते, "तुलना करण्याइतके नमुने मिळाले नाहीत." आमच्याच घरी राहते, वरच्या खोलीत. तिचं आणि माझ्या बायकोचं इतकं सख्य आहे की घरात वाद झाला तर माझ्या बाजूला कुणी उरत नाही.

मी रंगारी. घरं, दुकानं, दवाखाने, जे मिळेल ते रंगवतो. तिच्या कामाची जागा मी पाहिली ती रंगकामाच्या निमित्ताने. तळमजल्यावर, नमुने ठेवायच्या मोठमोठ्या फ्रीजरांच्या बोळाला लागून एक लांबट खोली. भिंतीपलीकडून दिवसभर घरघर. टेबलावर दोन मॉनिटर, खुर्चीच्या पाठीवर एक स्वेटर, कारण खोली थंड. खिडकीतून गाड्या लावायची जागा. कोणता रंग देऊ विचारलं, तर म्हणाली, "असा दे की तो आहे हे कुणाला कळू नये." मी फिका करडा दिला. काम संपल्यावर ही मान तिरकी करून म्हणते, "दादा, या दोन भिंतींत फरक आहे." मी वैतागलो. "अगं बाई, रंग एकाच डब्यातला आहे. तिकडे खिडकीचा उजेड पडतो, इकडे पडत नाही. फरक उजेडाचा आहे, रंगाचा नाही." ती एकदम खूश झाली. "म्हणजे तुझ्या धंद्यातही हीच कटकट आहे," म्हणाली. त्या दिवसापासून ती मला तिच्या कामाचं सांगू लागली.

मला कळलं तसं सांगतो. चुकलं तर ते माझं. पेशीत हजारो जनुकं असतात आणि प्रत्येक जनुक आपापल्या कामाचे निरोप पाठवत असतं. कुणी भाराभर पाठवतं, कुणी मोजके, कुणी गप्पच. रक्ताच्या नळीतून हे निरोप वेगळे काढून यंत्रात घालतात आणि कोणत्या जनुकाचे किती ते यंत्र मोजतं. पण यंत्र सगळेच निरोप वाचत नाही. प्रत्येक नळीतली चिमूटभर वाचतं, आणि ती चिमूटही कधी मोठी, कधी लहान. म्हणून आकडे आले तसेच शेजारी मांडून याचं वाढलं, त्याचं घटलं असं म्हणायचं नसतं. आधी माप एक करायचं. त्याला त्यांच्यात नॉर्मलायझेशन म्हणतात. सगळ्यांत सोपी रीत अशी की प्रत्येक आकड्याला त्या नळीच्या एकूण बेरजेने भागायचं. ते बहुतेक वेळा चालून जातं. 'बहुतेक वेळा' हे शब्द मात्र जज्जबाईंसमोर तोंडातून काढायचे नाहीत.

आता माझं दुखणं सांगतो, कारण त्याशिवाय हिची गोष्ट पुढे जात नाही. माझं रक्त कमी पडतं. खाण्यापिण्यातून येणारा अशक्तपणा नव्हे; हाडांच्या आत लाल पेशी जितक्या तयार व्हाव्यात तितक्या होतच नाहीत. आधी शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर धाप लागायची, मग मधल्या पायऱ्यांवर लागू लागली. मी छतं घेणं सोडलं. मग उंच भिंती सोडल्या. शेवटी शेवटी खाली बसून शटर आणि कठडे तेवढे रंगवायचो आणि दर थोड्या वेळाने डोळ्यांपुढे काळं यायचं. छत न रंगवणारा रंगारी कुणाला हवा असतो? गिऱ्हाईक तोंडावर काही बोलत नसे, पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलवत असे. पुन्हा शिडीवर चढता येणं, एवढीच माझी मागणी होती. देवाकडे, डॉक्टरांकडे, ज्याच्या हातात असेल त्याच्याकडे.

संस्थेला जोडलेल्या रुग्णालयात या आजारावरच्या नव्या औषधाची चाचणी सुरू झाली तेव्हा मी नाव दिलं. हे कळलं त्याच दिवशी जज्जबाई आपल्या विभागप्रमुखांकडे गेली आणि म्हणाली, "सर, माझा भाऊ यात आहे. या चाचणीच्या आकड्यांना मी हात लावणार नाही." काम तिच्या सहकारी बाईंकडे गेलं. मी घरी म्हटलं, "शहाणीच आहेस. अशा ठिकाणी घरचं माणूस बसलेलं बरं की!" मी तिच्या उशीवर चिखलाचे बूट ठेवले असावेत अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं.

औषध लागू पडलं. दुसरं काय सांगू? महिन्या-दोन महिन्यांत ओठांना रंग आला, जिना चढताना कठडा धरावासा वाटेना. एका ओळखीच्या गिऱ्हाइकाने बैठकीच्या खोलीचं काम दिलं, छतासकट. मी शिडी लावली, वर गेलो, मान मागे टाकली आणि रोलरचा पहिला हात मारला. मला रडू आलं. बायको डबा घेऊन आली होती, तिला सांगितलं डोळ्यात रंग गेला. तिने विश्वास ठेवल्यासारखं केलं.

आणि मग तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हा चाचणीतल्या सगळ्या रुग्णांना एकत्र बसवून सांगितलं की आमच्या रक्तातल्या जनुकांचा अहवाल आला आहे आणि तो बरा नाही. औषध घेणाऱ्यांमध्ये शेकडो जनुकं दबलेली दिसतात, त्यात जंतूंशी लढणारी पुष्कळ आहेत. देखरेख समिती लवकरच बसेल आणि बहुधा हे औषध सगळ्यांचंच बंद होईल.

त्या संध्याकाळी मी घर डोक्यावर घेतलं. "मला बरं वाटतंय, आणि हे म्हणतात आतून बिघडतंय! माणूस शिडीवर उभा आहे ते यांना दिसत नाही?"

आम्ही जेवत होतो, जज्जबाई उद्याची भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दादा, तुला बरं वाटतं हा एक नमुना झाला."

"मी तुझा नमुना आहे?"

"माझा नाहीस. म्हणून तर मी काही बोलत नाहीये."

मी ताट सरकवून उठलो. बायकोने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि ताट झाकून ठेवलं.

पुढचं सगळं मला नंतर कळलं, कारण त्या दिवसांत ही तोंडाला कुलूप लावून बसली होती. झालं असं की सरांनी तिला बोलावून तो अहवाल फक्त वाचून बघायला सांगितला. समितीपुढे जाण्याआधी भाषा तरी नीट आहे का ते बघा, म्हणाले. हिने भाषा बघितलीच नाही. हिला दिसलं ते असं की औषध घेणाऱ्यांची जनुकं नुसती खाली गेली नव्हती, सगळी जवळजवळ सारख्याच प्रमाणात खाली गेली होती. लढणारी, बांधणारी, झाडलोट करणारी, ज्यांचा कशाशी संबंध नाही तीसुद्धा. "रोग असा रांगेत उभा राहून येत नाही," ती मला म्हणाली. "इतकी शिस्त दिसली की समजायचं, गडबड मापात आहे."

तिने परवानगी मागून मूळ आकडे उघडले. रक्तात हिमोग्लोबिनच्या जनुकांचे निरोप मुळातच ढीगभर असतात. म्हणून यंत्रात घालण्यापूर्वी ते काढून टाकायचा एक टप्पा असतो. या खेपेला त्याचं सामान वेळेवर आलं नव्हतं आणि तो टप्पा गाळला होता. आणि औषधाचं काम काय, तर नव्या लाल पेशी तयार करणं. कोवळ्या लाल पेशी म्हणजे हिमोग्लोबिनचे निरोपच निरोप. औषध जितकं चांगलं चाललं, तितका हा गोंगाट वाढला.

मला तिने हे कसं समजावलं ते सांगतो. घरातली सगळी मंडळी जमली आहेत आणि कॅमेऱ्यात मोजकेच फोटो निघणार आहेत. त्यात आमचे एक काका असे की कुठेही कॅमेरा दिसला की मध्ये घुसतात. गेल्या वेळी ते थोड्या फोटोंत होते, या वेळी निम्म्याहून जास्त फोटोंत तेच. मग आत्या कमी दिसणार, मामा कमी दिसणार, मुलं कमी दिसणार. "फोटो मोजून तू म्हणशील का, की घरातली माणसं निघून गेली?" तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, काकांना आवरा म्हणेन. "तेच," ती म्हणाली. "एकूण बेरजेने भागलं की काकांची शिक्षा सगळ्यांना होते."

आणि ती भागाकाराची कृती कुणाची होती? हिचीच. काही वर्षांपूर्वी यकृताच्या तुकड्यांसाठी हिने बसवून दिली होती. तिथे कुणी काका नव्हते, कृती चालली. मग ती संस्थेत वहिवाटीची झाली, आणि सहकारी बाईंनी विश्वासाने रक्तालाही तीच लावली. हे सरांना सांगताना मान खाली गेली, असं ती म्हणाली. पण सांगितलं.

सरांनी तिला काम पुन्हा हातात घ्यायला सांगितलं. हिने दोन अटी घातल्या. भाऊ चाचणीत आहे हे समितीला कळवायचं. आणि नवी रीत कोणती ते आकडे पुन्हा चालवण्याआधीच समितीकडे लेखी द्यायचं, म्हणजे निकाल बघून रीत निवडली असं होणार नाही. ही दुसरी रीत अशी की एकूण बेरजेकडे बघायचंच नाही. एकेक जनुक घ्यायचं, सगळ्या नमुन्यांतल्या त्याच्या नेहमीच्या आकड्याशी या नमुन्यातला आकडा ताडायचा, आणि अशी जी हजारो गुणोत्तरं निघतील त्यांतलं बरोबर मधलं उचलायचं. तेच त्या नळीचं माप. गोंगाट करणारे टोकाला पडतात. ते कितीही ओरडले तरी मधलं जागचं हलत नाही. बहुतेक जनुकं बदललेली नसतात एवढं त्यात गृहीत धरावं लागतं. ते इथे धरता येतं की नाही, हे तपासण्यातच तिचा निम्मा वेळ गेला.

घरी आम्हाला एवढंच दिसत होतं की बाई ठिकाणावर नाही. चहात साखर दोनदा पडायची. एकदा जिन्यात मी समोरून आलो तर ही भिंतीला चिकटून उभी राहिली आणि मला वाट दिली, परक्यासारखी. बायको मला म्हणाली, "अहो, तिला काहीतरी ठाऊक आहे."

"ठाऊक असेल तर बोलायला काय होतं?"

"तुमच्या तोंडाकडे बघून बोलवत नसेल."

नव्या मापाने निकाल आला आणि दबलेली शेकडो जनुकं पुन्हा आपापल्या जागी आली. आत्या, मामा, मुलं, सगळी घरातच होती. औषध निर्दोष दिसत होतं. संस्थेत लोकांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. पण जज्जबाई खुर्चीवरून उठली नाही, कारण तिला एक गोष्ट दिसत होती. तीन नमुने असे होते की त्यांच्यातली लढाऊ पेशींची मोजकी जनुकं नव्या मापानेही खालीच होती. सगळी नाही, रांगेतही नाही, तेवढीच नेमकी. हा मापाचा खेळ नव्हता. गोंगाट शमल्यावर ऐकू येणारा हा खरा आवाज होता.

नळ्यांवर नावं नसतात, खुणेचे आकडे असतात; कोण कोणाची ते तिला कळत नाही. पण नळ्यांची अदलाबदल झाली नाही ना, हे बघायची त्यांच्यात एक साधी रीत आहे. काही निरोप फक्त पुरुषांच्याच पेशींत असतात. कागदावर बाई असेल आणि आकड्यांत पुरुष निघाला, तर कुठेतरी घोळ आहे. ही तपासणी ती सगळ्यांत आधी करते, हाताला वळण पडलं आहे. त्यामुळे त्या तिघांत दोन बायका आणि एक पुरुष आहे, हे तिला ठाऊक होतं. आणि या चाचणीत पुरुष हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते.

ती सरांकडे गेली. सर वाईट माणूस नाहीत, हे तीच सांगते. या औषधावर त्यांनी उमेदीची वर्षं घातली आहेत. ते म्हणाले, "तिघांसाठी सगळ्या औषधाला डाग कशाला लावायचा? दुसरी एक रीत आहे ना, सगळ्या नमुन्यांना एकाच साच्यात बसवणारी. तिने बघितलंत का?"

"नाही बघितलं, पण काय होईल ते माहीत आहे. या तिघांचा उतार पुष्कळ बोथट होईल."

"मग? तीही मान्य रीतच आहे. जगभर वापरतात."

"वापरतात, सर. रीत वाईट नाही. पण आपण समितीला दिली ती ही. आता निकाल बघून बदलायची, तर आधी लिहून कशाला दिली?"

सरांनी अहवाल मिटला. मग म्हणाले, "तुमचा भाऊ यात आहे. हे औषध त्याला लागू पडलंय असं तुम्हीच म्हणाला होतात. त्याचा तरी विचार करा."

यावर ती उठली. खाली आली, खुर्चीवरचा स्वेटर उलटा घातला आणि दिवसभर तसाच ठेवला. संध्याकाळी सरांनी फोन केला आणि सांगितलं की अहवाल आहे तसाच जाऊ दे. तिने तो पाठवला, तिघांच्या परिच्छेदासकट.

समितीचा निर्णय आला. औषध चालू राहील. ज्या तिघांत खूण दिसते त्यांची नावं डॉक्टरांनी उघडावीत, त्यांचं औषध लगेच थांबवावं आणि पांढऱ्या पेशींवर नजर ठेवावी. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं. साध्या तपासणीत माझ्या पांढऱ्या पेशी अजून हद्दीच्या आत होत्या, पण खाली सरकत होत्या. "आणखी काही आठवडे घेतलं असतं तर साध्या तापानेसुद्धा तुम्ही आडवे झाला असता," त्या म्हणाल्या. मी ऐकत होतो, पण माझ्या डोक्यात नुसतं छत होतं.

घरी आलो. जज्जबाई स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. माझा चेहरा बघून तिने गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसली. मग तिने सगळं सांगितलं, काकांच्या फोटोंपासून सरांच्या बोलण्यापर्यंत, काहीही न गाळता. मी शेवटपर्यंत ऐकलं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"पुरुष आहे एवढं माहीत होतं. तू आहेस हे नव्हतं."

"मी असेन असं वाटलं होतं का?"

"हो. रोज वाटायचं."

"आणि तरी?"

तिने मान डोलावली. माझा तोल गेला. "भाऊ आणि नळी यांत तुला फरकच कळत नाही. परक्या लोकांचं औषध वाचवलंस आणि माझं काढून घेतलंस. तो साचा बसवला असतास तर कुणाचं काय जाणार होतं?"

"तुझं," ती म्हणाली. "तू गेला असतास, दादा." आणि ती उठून वर गेली. तिला रडताना मी शेवटचं कधी पाहिलं होतं, मला आठवेना. त्या वेळीही पाहिलं नाही, दाराआडून आवाज ऐकला.

बायकोने तिचं ताट वर नेऊन दिलं आणि खाली येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "गेले कितीतरी दिवस तुमचं तोंड आलंय. साधं गार पाणी झोंबतंय. ते काय तिच्या आकड्यांनी केलं?"

पुढे बरेच दिवस मी कुणाशीच धड बोललो नाही. बैठकीच्या खोलीचं काम आटपलं होतं, पण दुसऱ्या दोन छतांचं ठरलं होतं, ती मी परत केली. ओठांचा रंग हळूहळू उतरला. जिन्याचा कठडा पुन्हा हातात आला. तोंडातले फोडही गेले, हेही सांगायला हवं. जज्जबाई रोज सकाळी निघताना दारात थांबायची, "येते, दादा," म्हणायची, आणि मी पेपरात डोकं घालून बसायचो. तिचा राग मला येत होता असं मी म्हणत होतो. खरं म्हणजे मला शिडीचा राग येत होता आणि तो काढायला घरात तीच एक माणूस होती.

औषध थांबल्यावरच्या तपासणीसाठी मी पुन्हा रुग्णालयात गेलो. रक्त काढायच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर एक बाई येऊन बसली. चाचणीतलीच होती, चेहऱ्याने माहीत. कपडे धुण्याच्या कारखान्यात मोठ्या इस्त्रीवर उभं राहायचं काम करायची, म्हणाली. मध्ये उभं राहवेना म्हणून काम सुटलं होतं, आता पुन्हा धरलं होतं. गालांवर तरतरी होती. बोलायची तिला हौस होती, आणि मला ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"बरं झालं हो, कुणीतरी डोकं लावलं," ती म्हणाली. "आधीचा हिशेब चुकला होता म्हणे. तिथल्या एका बाईंनी पकडला, नाहीतर आपलं सगळ्यांचं बंदच होणार होतं. मी तर घरी रडूनसुद्धा घेतलं होतं. तुमचंही चालू आहे ना?"

"नाही. माझं बंद झालं."

ती गोरीमोरी झाली. हातातली पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. मग तिला माझ्या वतीने राग आला. "असं कसं? मग तुमचं नाही का नीट बघितलं त्यांनी?"

"बघितलं," मी म्हणालो. "तुमच्याइतकंच नीट बघितलं. माझी धाकटी बहीण आहे ती."